शेवटी लोड होतो तो जिंकतो

स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये मॉड, म्हणजे खेळाडूंनी तयार केलेले बदल, वापरणाऱ्या बहुतेकांनी काळवंडलेला चेहरा कधी ना कधी पाहिलेला असतो. पात्र चालतंय, बोलतंय, सौदा करतंय, अंगावरचे कपडे जागच्या जागी आहेत; फक्त डोकं तेवढं राखाडी-काळं आणि मानेपाशी रंग तुटलेला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की टेक्श्चर (पृष्ठभागावरचं चित्र) बिघडलं. तो चेहऱ्याचा मॉड काढतो, पुन्हा टाकतो, ग्राफिक्सच्या सेटिंग्ज खालीवर करून बघतो. फरक पडत नाही, कारण बिघाड चित्रात नसतोच. दोन फायली एकमेकींशी जुळत नसतात.

या गेममध्ये पात्राचा चेहरा दोन ठिकाणी राहतो. एक म्हणजे प्लगइनमधलं, म्हणजे गेमची माहिती ठेवणाऱ्या फायलीतलं, त्या पात्राचं रेकॉर्ड किंवा नोंद. त्यात नाव, वंश, कौशल्यं, पोशाख, दिवसभर काय करायचं याची पॅकेजेस असतात आणि त्याच रेकॉर्डमध्ये केस, डोळे, भुवया, त्वचेच्या छटाही असतात. दुसरं ठिकाण म्हणजे या माहितीवरून आधीच तयार करून ठेवलेली डोक्याची जाळी आणि तिच्यावरच्या रंगाची फाइल. दोन्हींचा मेळ बसला तर चेहरा नीट दिसतो. आता समजा, एका मॉडने पात्राला नवा चेहरा दिला. रेकॉर्ड बदललं, डोक्याच्या फायलीही दिल्या. दुसऱ्या मॉडने त्याच पात्राला फक्त एक पर्क, म्हणजे खास क्षमता, दिला. चेहऱ्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. पण प्लगइनमध्ये नुसता पर्क लिहिता येत नाही. अख्खं रेकॉर्ड उतरवून घ्यावं लागतं, जुन्या केसांसकट, जुन्या डोळ्यांसकट. हा दुसरा मॉड नंतर लोड झाला की रेकॉर्ड त्याचं लागू होतं आणि डोक्याची फाइल मात्र पहिल्याची राहते. चेहरा काळा पडतो तो इथे.

दोन्ही मॉडकर्त्यांनी आपापलं काम चोख केलेलं असतं. मॉडिंगमधले कितीतरी बिघाड असेच असतात: कुणाचंच चुकलेलं नसतं, दोन बरोबर गोष्टी शेजारी येतात आणि त्यांचं जमत नाही. असा बिघाड कुठल्याही एका फायलीत शोधून सापडत नाही. तो दिसायला दोन्ही फायली एकाच वेळी, ओळीला ओळ लावून बघाव्या लागतात. प्लगइन एडिट करणारी साधनं मला इतकी मोलाची वाटतात ती या एका कारणासाठी.

मी रोज वापरतो ते एक्सएडिट. स्कायरिमच्या आधीच्या ऑब्लिव्हियन या गेमच्या काळात ते सुरू झालं; त्या गेमसाठी त्याचं नाव टीईएस-फोर-एडिट. मग फॉलआउट, स्कायरिम असं पुढे जात राहिलं. गेमप्रमाणे नाव बदलतं, प्रोग्राम तोच. डेल्फीत लिहिलेला, सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला. उघडल्यावर डावीकडे प्लगइनांची झाडासारखी यादी येते. एखादं रेकॉर्ड निवडलं की उजवीकडे रकाने मांडले जातात: सर्वांत आधी ज्या फायलीत ते रेकॉर्ड जन्मलं तिचा रकाना, मग लोड ऑर्डरप्रमाणे, म्हणजे प्लगइन लोड होतात त्या क्रमाने, ज्या ज्या प्लगइनने त्याला हात लावला त्यांचे. सर्वांत उजवीकडचा रकाना जिंकतो. गेमला फक्त तोच दिसतो. बाकीचे जणू लिहिलेच गेले नाहीत.

एखाद्या जुन्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारा संपादक वेगवेगळ्या पोथ्या समोर ठेवून पाठभेद तपासतो, तसंच हे वाचन असतं. या ओळीत मूळ काय होतं? पहिल्याने काय बदललं? दुसऱ्याने ते मुद्दाम परत जुन्यावर नेलं, की जुनी प्रत समोर होती म्हणून तेच उतरलं? शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड असतो आणि त्याचं उत्तर बाइट्समध्ये नसतं. मूळ गेममधल्या चुका दुरुस्त करणाऱ्या अनऑफिशियल स्कायरिम स्पेशल एडिशन पॅच या मॉडने एखाद्या तलवारीचं वजन दुरुस्त केलेलं असतं, आणि नंतर लोड होणाऱ्या एखाद्या मॉडमध्ये मूळ चुकीचं वजन पुन्हा हजर असतं. बहुधा त्या मॉडकर्त्याला वजनाचं काही पडलेलं नव्हतं. त्याला तलवारीची धार बदलायची होती. पण ‘बहुधा’ हे आपण म्हणतो. साधनाने तसं परस्पर म्हणू नये, असं माझं पक्कं मत आहे.

यावर दुसरं मतही आहे आणि ते मानणारे लोक माझ्यापेक्षा जास्त काम केलेले आहेत. त्यांचं म्हणणं असं की शेकडो प्लगइनांची लोड ऑर्डर हाताने वाचणं कुणाला जमणार? साधनाने आपोआप एकत्रीकरण करावं. काही ठिकाणी हे शंभर टक्के खरं आहे. राय बॅश या साधनाने तयार होणारा बॅश्ड पॅच घ्या. व्यापाऱ्याकडे किंवा पेटाऱ्यात काय सापडावं हे ज्या पातळीनुसार बदलणाऱ्या याद्या ठरवतात, त्या याद्या एकत्र करायला माणसाची गरज नाही. एका मॉडने यादीत धनुष्य घातलं, दुसऱ्याने ढाल घातली, तर दोन्ही असलेली यादी हे जवळजवळ नेहमीच योग्य उत्तर असतं. यादीला बेरीज चालते. चेहऱ्याला चालत नाही. एकाचं नाक आणि दुसऱ्याचे डोळे घेऊन झालेला चेहरा दोघांनाही नको असतो, आणि त्याला जुळणारी डोक्याची फाइल तर कुठेच नसते. कुठल्या फील्डला (रेकॉर्डमधल्या एकेका बाबीला) बेरीज चालते आणि कुठल्याला नाही हे ओळखणं, एवढ्यावरच आपोआप एकत्र करणाऱ्या साधनाची सगळी गुणवत्ता ठरते.

गेमसोबत मिळणारा अधिकृत एडिटर हे काम का करत नाही, असं कुणीही विचारेल. याच मालिकेतला मॉरोविंड 2002 साली आला तेव्हा पीसीवर त्याच्यासोबत कन्स्ट्रक्शन सेटही आला, आणि स्कायरिमचं क्रिएशन किट गेमनंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारी 2012 मध्ये. ही जग बांधायची साधनं आहेत. ती निवडलेल्या सगळ्या फायली एकावर एक रचून अंतिम चित्र दाखवतात: खोली अशी दिसते, पात्र इथे उभं आहे. कुणाचा हात कुठे लागला हे सांगणं त्यांचं काम नाही. पात्राला संवाद द्यायचा, गुहा रचायची, चालण्याच्या वाटांची नेव्हमेश आखायची तर त्यांना पर्याय नाही. पण त्यांची एक सवय आहे. नुसतं बघायला म्हणून एखादी खिडकी उघडली आणि ‘ओके’ दाबून बंद केली, तर ते रेकॉर्ड बदललं असं धरून प्लगइनमध्ये लिहून टाकलं जातं. अशा नोंदींना मॉडर मंडळी आयटीएम म्हणतात, मास्टरशी, म्हणजे प्लगइन ज्या मूळ फायलीवर अवलंबून असतो तिच्याशी, तंतोतंत सारखी नोंद. दिसायला निरुपद्रवी. पण हीच नोंद नंतर लोड झाली की मधल्या एखाद्या मॉडने केलेला खराखुरा बदल पुसून टाकते.

दुसरा प्रकार जास्त घातक. जगात ठेवलेली एखादी वस्तू, समजा रस्त्याकडेचा दगड, मॉडकर्त्याने एडिटरमध्ये डिलीट केली. त्याच दगडाला हलवणारा किंवा त्याचा संदर्भ घेणारा दुसरा मॉड आला की गेमला जे नाही त्याच्याशी काम करायला लागतं आणि तो क्रॅश होऊ शकतो. एक्सएडिटचा यावरचा उपाय मला फार आवडतो. ते वस्तू पुन्हा जिवंत करतं आणि कायमची बंद ठेवतं. ती जमिनीखाली खोल, उंचीच्या आकड्यात उणे 30,000 वर नेतं आणि तिला खेळाडूशी जोडून सांगतं की खेळाडूच्या उलट अवस्थेत राहा. खेळाडू गेममध्ये कायम सुरू असतो, म्हणून दगड कायम बंद. ज्याला कुणाला त्याचा संदर्भ हवा त्याला तो मिळतो, आणि खेळणाऱ्याला दिसत मात्र नाही. हटवलेल्या नेव्हमेशच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. ते काम हातानेच करावं लागतं, आणि साधन तसं स्पष्ट सांगतं.

लूट नावाचं लोड ऑर्डर लावणारं साधन कुठल्या प्लगइनला अशी सफाई लागते ते कळवतं. ते फक्त फायलीच्या नावावर जात नाही, तिच्या चेकसमवर, म्हणजे आतल्या मजकुरावरून काढलेल्या आकड्यावर, जातं. म्हणजे सफाई झालेल्या फायलीबद्दल तीच ओरड पुन्हा होत नाही. अधिकृत विस्तारांच्या फायलीही या यादीत असतात, डॉनगार्डपासून ड्रॅगनबॉर्नपर्यंत.

पण सफाई एका क्लिकवर आल्यापासून तिचा अर्थ थोडा हरवलाय, आणि याची मला खरोखर काळजी वाटते. मास्टरशी सारखी प्रत्येक नोंद कचरा नसते. कधीकधी पॅच लिहिणारा मुद्दाम मूळ किंमत परत आणतो, कारण मधला बदल त्याला रद्दच करायचा असतो. बाइट्स तेच, हेतू उलटा. अशा पॅचवर आपोआप सफाई चालवली तर पॅचचा जीवच जातो. ज्या प्लगइनसाठी सफाई सुचवलेली नाही, ते उघडून वाचल्याशिवाय साफ करू नये.

आता साधन सुधारण्याकडे येतो, कारण माझं मन जास्त तिथेच रमतं.

प्लगइन फाइल आतून फार शिस्तीची असते. प्रत्येक रेकॉर्डची सुरुवात चार अक्षरी सहीने होते. स्कायरिममध्ये रेकॉर्डचं शीर्षक 24 बाइट्सचं असतं. त्यात सही, लांबी, फ्लॅग आणि ओळखक्रमांक येतात. आत फील्ड, प्रत्येकाची पुन्हा चार अक्षरी सही आणि दोन बाइट्सची लांबी. या रचनेचा फायदा असा की एखाद्या फील्डमध्ये काय आहे हे माहीत नसलं तरी लांबी वाचून पुढे जाता येतं. आणि कितीतरी फील्डमध्ये काय आहे हे खूप काळ कुणालाच माहीत नव्हतं. फाइलच्या रचनेची आपल्याकडे असलेली माहिती मुख्यतः अशाच लोकांनी एकेक बाइट तपासून जमवलेली आहे.

म्हणून एडिटरचा पहिला नियम: जे कळत नाही ते जसंच्या तसं परत लिहायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. जुन्या काळी वापरात असलेलं एक साधन फाइल उघडून काहीही न बदलता सेव्ह केली तरी ती बिघडवू शकत असे; त्याच्या हातून गेलेले प्लगइन बरोबर कुठे बिघडले ते शोधताना मी रात्री घालवल्या आहेत. तेव्हापासून नवं साधन हाती आलं की मी आधी हीच परीक्षा घेतो: उघड, सेव्ह कर, दोन्ही फायली बाइटला बाइट ताडून बघ.

पण हा नियम पुरत नाही, आणि का पुरत नाही हे समजलं तेव्हा मला या विषयाची गोडी लागली. प्रत्येक रेकॉर्डचा ओळखक्रमांक, फॉर्मआयडी, म्हणजे सोळाच्या पायातले आठ अंक. पहिले दोन अंक सांगतात की रेकॉर्ड कुठल्या प्लगइनचं. फाइलच्या आत मात्र हे दोन अंक लोड ऑर्डरमधली जागा सांगत नाहीत. ते त्या फायलीच्या स्वतःच्या मास्टर-यादीतली जागा सांगतात. मी पॅचमध्ये एक नवा मास्टर जोडला किंवा यादीचा क्रम बदलला, की आतले सगळे संदर्भ नव्या क्रमाने लिहावे लागतात. साधनाला जे फील्ड कळतं तिथे ते हे करतं. जिथे ‘अज्ञात’ असं लिहिलेलं आहे, तिथे ते चार बाइट्स इमानाने जसेच्या तसे ठेवतं. आणि ते चार बाइट्स प्रत्यक्षात फॉर्मआयडी असतील, तर जसेच्या तसे ठेवल्यामुळेच ते आता भलत्याच मॉडमधल्या भलत्याच वस्तूकडे बोट दाखवतात. काहीही न बदलता बिघाड झालेला असतो. अज्ञात भाग म्हणूनच नुसता जपून चालत नाही, त्याचा अर्थ लावावाच लागतो.

अर्थ लावायची पद्धत कष्टाची आहे, अवघड नाही. क्रिएशन किटमध्ये एक रेकॉर्ड करायचं, सेव्ह करायचं. मग एकच खूण बदलायची किंवा एकच आकडा, पुन्हा दुसऱ्या नावाने सेव्ह करायचं, आणि फायलीतले बाइट्स थेट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये दोन्ही फायली शेजारी ठेवायच्या. कुठल्याशा चौकटीत 1.0 लिहिलं आणि फायलीत ‘०० ०० ८० ३एफ’ उगवलं, की समजायचं हा दशांश आकडा आहे, कारण चार बाइट्समध्ये एक हा आकडा उलट्या क्रमाने असाच लिहिला जातो. मग 2.0 करून खात्री करायची. असं एकेक फील्ड नाव मिळवतं.

स्क्रिप्ट जोडलेल्या रेकॉर्डमधला व्हीएमएडी हा भाग या कामातला सर्वांत देखणा. त्यात स्क्रिप्टचं नाव, मग तिच्या प्रॉपर्टी, प्रत्येकीचा प्रकार आणि किंमत असं एकात एक गुंफलेलं असतं. शेवटचे तुकडे क्वेस्टसाठी वेगळे, संवादासाठी वेगळे. प्रॉपर्टी एखाद्या वस्तूकडे बोट दाखवत असेल तर तिचे आठ बाइट्स असतात, आणि त्यांचा क्रम दोन प्रकारचा. एका प्रकारात फॉर्मआयडी आधी, मग एलियस (क्वेस्टमधल्या पात्राच्या किंवा वस्तूच्या जागेचा क्रमांक), मग न वापरलेले बाइट्स. दुसऱ्यात बरोबर उलट. कुठला प्रकार आहे हे सुरुवातीलाच एका आकड्यात लिहिलेलं असतं. तो आकडा न वाचणारं साधन काही फायलींवर व्यवस्थित चालेल आणि उरलेल्यांमध्ये एलियसला वस्तू समजून बसेल. असा तपशील पहिल्यांदा ज्याने लक्षात आणून दिला, त्याच्या कामाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. एक्सएडिटमध्ये हे सगळं ज्ञान रचनेच्या व्याख्यांच्या फायलींत लिहिलेलं आहे. ‘अज्ञात’ काढून तिथे खरं नाव घातलेली एकच ओळ जोडली गेली, तरी ते साधन वापरणाऱ्या प्रत्येकाच्या पॅचला ती उपयोगी पडते.

साधन ताकदवान झालं की नव्या जबाबदाऱ्या येतात. 2017 मध्ये क्रिएशन क्लब या गेममधल्या अधिकृत दुकानासोबत हलके प्लगइन आले. एरवी ओळखक्रमांकाच्या पहिल्या दोन अंकांमुळे प्लगइनांची संख्या अडीचशेच्या आसपास थांबायची. हलक्या प्लगइनांनी ‘एफई’ ही एकच जागा वाटून घेतली: पुढचे तीन अंक प्लगइनचे, शेवटचे तीन रेकॉर्डचे. एकदम 4096 हलक्या प्लगइनांना जागा झाली. बदल्यात प्रत्येकात नवी रेकॉर्ड फक्त 2048. डिसेंबर 2023 च्या अपडेटने ती मर्यादाही वाढवली. लोकांनी धडाधड आपले प्लगइन हलके करायला घेतले, कारण एक्सएडिटमध्ये ओळखक्रमांक आटोपशीर करणारी आज्ञा तयारच होती. पण क्रमांक बदलला की तो जिथे जिथे वापरलाय तिथे बदलायला हवा. जुनी सेव्ह फाइल जुन्याच क्रमांकावर असते. त्या प्लगइनवर अवलंबून असलेले दुसऱ्यांचे पॅच तसेच राहतात. आणि संवादाच्या आवाजाच्या फायली, पात्रांच्या डोक्याच्या फायली यांच्या नावातच क्रमांक असतो. प्लगइन हलका झाला, फायलींची नावं जुनीच राहिली, की नव्या पात्राचं डोकं पुन्हा बिघडतं आणि त्याचे संवाद मुके होतात.

इथे मला वाटतं की साधनाने आज्ञा पाळण्याआधी तिचे परिणाम मोजून दाखवायला हवेत. अमुक पात्रं आहेत, अमुक आवाजाच्या फायली आहेत, लोड केलेल्यांपैकी अमुक प्लगइन तुझ्यावर अवलंबून आहेत, एवढी यादी पुढ्यात आली तर बहुतेक माणसं स्वतःच योग्य निर्णय घेतील. एक्सएडिटमध्ये पास्कलसारख्या भाषेत स्क्रिप्ट लिहिता येतात, त्यामुळे यातलं बरंच काही मूळ प्रोग्रामला हात न लावता करता येतं. अशा छोट्या स्क्रिप्ट लिहिणारे लोक साधन सुधारण्यात मोठा वाटा उचलतात, आणि त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही.

मला हवी असलेली दुसरी सुधारणा हेतूची आहे. पॅच करताना मी ठरवतो की चेहरा या मॉडचा, पर्क त्या मॉडचा, वजन अनऑफिशियल पॅचचं. सहा महिन्यांनी त्यातला एखादा मॉड नवी आवृत्ती काढतो आणि माझ्या पॅचमधलं वजन आता कुणाशीच जुळत नाही. ते मी मुद्दाम ठेवलं होतं की जुन्या आवृत्तीतून उतरलं होतं? प्लगइनच्या शीर्षकात लेखकाचं नाव आणि वर्णन लिहायला जागा आहे, पण ती अख्ख्या फायलीसाठी एकच. प्रत्येक निर्णयासाठी नाही.

म्हणून सध्या मी एक स्क्रिप्ट लिहितोय. पॅचमधल्या प्रत्येक रेकॉर्डचा प्रत्येक फील्ड कुठल्या प्लगइनच्या किमतीशी जुळतो ते ती शोधते आणि फॉर्मआयडीसह एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहिते. शेजारी कारण लिहायला रिकामी जागा सोडते. मॉड अपडेट झाला की पुन्हा चालवायची, आणि ज्या किमतींचा मूळ धनी नाहीसा झालाय तेवढ्याच ओळी वर काढून दाखवायच्या. पात्रांच्या रेकॉर्डवर ती चालते आहे. नेव्हमेश आणि व्हीएमएडीवर अजून अडखळते, कारण तिथे एका फील्डच्या पोटात अख्खी यादी असते आणि यादीतली कुठली ओळ कुणाची हे नुसत्या क्रमांकावरून ठरत नाही. तुलना क्रमाने न करता प्रॉपर्टीच्या नावाने करावी लागेल. व्हीएमएडीपुरतं तरी ते जमेल. नेव्हमेशच्या त्रिकोणांना नावंच नसतात, तिथे कोपऱ्यांच्या जागा ताडून बघायला सुरुवात केली आहे.